बदलीच्या नोकरीतलं फर्निचर: खानदेशातले चार दिवस

पहिला दिवस, गुरुवार: नाशिक ते धुळे

दोन वर्षांपूर्वी मी ऑनलाइन एक खुर्ची घेतली. विकणाऱ्याचं नाव घेत नाही, त्याचा काही उपयोग नाही. खाली लिहिलं होतं, 'चंदीगड खुर्ची, अस्सल बर्मा सागवान, १९५५'. किंमत अठरा हजार. कंपासपेटीतल्या कर्कटकासारखे फाकलेले पाय, वेताची पाठ, मागच्या पट्टीवर पांढऱ्या रंगात कुठल्या तरी कचेरीची अक्षरं. महिनाभर मी ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होते. मग एक दिवस झाडताना ती उलटी झाली आणि बैठकीखाली चौफुलीचे चार चकचकीत स्क्रू दिसले. त्यांच्या शेजारी प्लायचे थर, केकच्या कापासारखे.

खरं तर आधीच कळायला हवं होतं. १९५०च्या दशकात चंदीगड उभं राहत होतं तेव्हा त्या शहराचे वास्तुकार ल कॉर्बुझिए यांचे चुलतभाऊ पिएर जनरे यांनी तिथल्या कचेऱ्या, कॉलेजं आणि क्वार्टर्ससाठी साधं, कमी खर्चाचं सागवानी फर्निचर आखलं. ते केलं मात्र तिथल्याच सुतारांनी, हजारोंनी. पुढे ते जुनं झालं, मोडलं, गच्च्यांवर ढीग लागले आणि भंगाराच्या भावात निघालं. परदेशी व्यापाऱ्यांनी ते उचललं, रंधून-पुसून युरोप-अमेरिकेतल्या लिलावांत मांडलं आणि लाखांचे आकडे लागले. २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने विक्रीवर बंदीचा आदेश काढला तोवर बरंच काही बाहेर गेलं होतं. अशी वस्तू अठरा हजारांत घरपोच कोण देईल? पण हौस डोळ्यांवर आली की हिशेब सुचत नाही.

त्या उलट्या खुर्चीकडे बघताना मला आजोळ आठवलं. अमळनेरला मामांच्या ओसरीत असेच तिरके, खाली निमुळते होत गेलेले पाय होते. मामा त्या खुर्चीत बसून पेपर वाचत आणि आम्ही पोरं खालून पलीकडे सरपटत जायचो. तिला कोणी चंदीगड म्हणत नव्हतं. ती 'मामांची खुर्ची' होती. तेव्हा ठरलं, आता घ्यायचं तर खानदेशात जाऊन, हातात धरून, उलटं करून बघून घ्यायचं.

सकाळच्या लालपरीने निघाले. सोबत मेजपट्टी, टॉर्च, लोहचुंबक आणि चार जुन्या चादरी. चुंबक पितळेसाठी. कडीला चिकटला की समजायचं, वरून नुसता मुलामा आहे. चांदवडचा घाट, मालेगाव, आणि चार तासांनी धुळे. मामेभाऊ, म्हणजे दादा, स्टँडबाहेर आपल्या कृषी केंद्राची पिकअप घेऊन उभा. मागे खताच्या दोन गोण्या अजून होत्या.

"तू खरंच जुन्या खुर्च्या घ्यायला आलीस?" त्याने विचारलं. "माझ्या गोदामात आहेत की. मोडक्या आहेत, पण फुकट देतो."

धुळ्याची जुनी पेठ मला आवडते, कारण तिथे हरवता येत नाही. १८१९ मध्ये कॅप्टन ब्रिग्जने खानदेशाचं ठाणं इथे हलवून पेठ आखली. आजही पत्ता सांगताना लोक गल्लीचा नंबरच सांगतात. आम्ही पाचकंदीलकडून आत शिरलो आणि दुपारभर जुन्या सामानाची तीन दुकानं पालथी घातली. पहिल्या दोन ठिकाणी काही नाही. लोखंडी कॉट, कूलरचे सांगाडे, शिवणयंत्रांचे पाय. हे ओतीव पाय आता हॉटेलवाले टेबलांसाठी नेतात म्हणे, म्हणून त्यांचे भाव चढलेले.

तिसऱ्या दुकानात दारापासून छतापर्यंत तांब्या-पितळेचे तांबे रचलेले होते. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकी डिझायनर जोडपं भारत सरकारसाठी अहवाल लिहायला इथे आलं होतं. १९५८च्या त्या अहवालात त्यांनी आपल्या साध्या तांब्याचं इतकं कौतुक केलं की पुढे अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली तेव्हाही त्या तांब्याची गोष्ट लोक सांगत राहिले. दादाला हे सांगितलं. त्याने एक तांब्या उचलला, आत डोकावून बघितलं आणि विचारलं, "मोडीचा भाव काय चालूये?"

त्याच दुकानात एक मर्फी रेडिओ होता. लाकडी पेटी, कोपरे गोलवलेले, समोर सोनेरी धाग्याचं कापड. मागचं पुठ्ठ्याचं झाकण उघडलं तर आत परवान्याचं पुस्तक अडकवलेलं. त्या काळी रेडिओ बाळगायला परवाना लागे, दरवर्षी पोस्टात पैसे भरून त्यावर शिक्का घ्यावा लागे. त्या पुस्तकात एकाखाली एक शिक्के, एकही वर्ष चुकलेलं नाही. मला मालकाचा स्वभाव कळला. पेटीत मात्र व्हॉल्व्ह नव्हते. कोणीतरी सगळं उपसून आत ब्लूटूथचा डबा बसवला होता आणि दुकानदार तेच मोठ्या कौतुकाने दाखवत होता, "आता मोबाइलवरनं वाजतो!" सात हजार. मी दुधी काचेच्या दिव्याच्या दोन हंड्या घेतल्या, दोन्ही मिळून चारशे, आणि बाहेर पडले. ते परवान्याचं पुस्तक तरी मागायला हवं होतं, अजून वाटतं.

रात्री शेवभाजी. तिच्यातलं तिखट दुसऱ्या दिवशी पारोळा रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्यात आठवलं.

दुसरा दिवस, शुक्रवार: अमळनेर

मामांच्या ओसरीत ती खुर्ची नव्हती.

"ती?" मामी भाजी निवडताना म्हणाल्या. "ती दिली ना भंगारवाल्याला, मागच्या दिवाळीच्या आधी. चार प्लास्टिकच्या खुर्च्या दिल्या त्याने. वर एक बादली." बादली अंगणात होती, निळी. त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसूनच मी चहा प्यायले. मामा काही बोलले नाहीत, पण ते स्वतः पलंगावर बसले होते, खुर्चीवर नाही, हे मी पाहिलं.

दुपारी मामा म्हणाले, "चल, ज्याने केली होती त्याच्याकडे नेतो."

मिस्तरींचं वय पंच्याऐंशीच्या पुढे. घरासमोर टीनाच्या छपरीत त्यांचा नातू किचन ट्रॉल्यांसाठी प्लाय कापत होता आणि ते कोपऱ्यात एका खुर्चीवर बसले होते. तीच खुर्ची. म्हणजे मामांची नव्हे, तिची बहीण. मी वाकून पायांकडे बघायला लागले तशी ते हसले.

"बठा ताई. हाई मना हातनी शे."

मग दीड तास गेला. अमळनेरात खुर्च्या का आल्या, हे त्यांनी मला जसं सांगितलं तसं मी कुठे वाचलेलं नाही. गाव गिरणीचं. प्रतापशेठजींची प्रताप मिल, त्यांनीच उभं केलेलं तत्त्वज्ञान मंदिर, सानेगुरुजी शिकवत ते हायस्कूल. १९४५ साली कॉलेज निघालं आणि त्याच वर्षाच्या अखेरीस वनस्पती तुपाची कंपनीही स्थापन झाली. पुढे विप्रो म्हणून जगभर गेलेली कंपनी ती हीच. गावात बाहेरचे लोक आले. प्रोफेसर, केमिस्ट, हिशेबनीस. त्यांना पाट-गादीवर बसायची सवय नव्हती, आणि वाड्यांतल्या कोरीव सिंहासनांसारख्या खुर्च्या त्यांना परवडत नव्हत्या. शिवाय मुख्य अडचण वेगळीच होती.

"बदली," मिस्तरी म्हणाले. आज इथे, दोन वर्षांनी नंदुरबारला, मग भुसावळला. सामान बैलगाडीत किंवा रेल्वेच्या डब्यात चढवायचं. जड शिसवी पलंग कोण नेणार? गिऱ्हाईक येऊन म्हणायचं, मिस्तरी, हलकं करा, उघडून नेता येईल असं करा. मग यांनी पाय बारीक केले, नक्षी काढून टाकली, पाठीला फळीऐवजी वेत घातला. वेताने वजन कमी झालं आणि मे महिन्यात पाठीला वाराही लागला.

मी विचारलं, हा तिरका पाय कुठे पाहिलात? भुसावळला रेल्वेच्या एका साहेबाच्या बंगल्यात दार बसवायला गेले असताना, त्यांनी सांगितलं. साहेब मुंबईहून खुर्ची घेऊन आला होता. यांच्याजवळ टेप नव्हती. त्यांनी सुतळी काढली, पायाच्या लांबीला एक गाठ, बैठकीच्या रुंदीला दुसरी, पाठीच्या उतारासाठी जमिनीपासून टोकापर्यंत तिसरी. ती सुतळी खिशात घालून घरी आले आणि पुढची पंचवीस वर्षं त्याच गाठींवरून खुर्च्या केल्या.

"सुतळी आहे का अजून?" मी विचारलं.

नातवाने करवत थांबवली. मिस्तरींनी हत्यारांच्या पेटीतून, पटाश्यांच्या खालून, काळी पडलेली सुतळी काढली. धुळीने आणि तेलाने ती ताठ झाली होती. गाठींच्या जागी बोटांनी चोळून चोळून ती चकाकत होती. मी ती खुर्चीच्या मागच्या पायाला लावली. पहिली गाठ बरोबर पट्टीच्या कडेवर आली. मला हात लावावासा वाटला आणि लावावासा वाटलाही नाही.

मग त्यांनी मला शिकवलं, नवं आणि जुनं कसं ओळखायचं. लाकूड उचलून बघायचं. सागाचं वजन हाताला कळतं, आणि न रंगवलेल्या जागी नख घासलं तर थोडा तेलकट, चामड्यासारखा वास येतो. स्क्रू एका चिरेचे हवेत. सांध्यात पांढरी पापडी दिसली तर समजायचं पुढची दुरुस्ती आहे, कारण "सरसनं काम शे हाई, फेविकॉल नंतर उना". बाजारात तो आला १९५९ मध्ये आणि गावोगावच्या मिस्तरींच्या हातात पडायला त्यानंतरही वेळ लागला. सरस जनावरांच्या कातड्या-हाडांचा, पातेल्यात शिजवायचा. त्याचा वास आठवून त्यांनी अजूनही नाक मुरडलं. पॉलिश चपड्याचं, म्हणजे लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने पातळ हात, वाळू द्यायचं, पुन्हा हात, असे दहा-बारा. गरम कपाचा पांढरा गोल डाग पडला तर ते चपड्याचं. हल्लीच्या मेलामाइन पॉलिशवर तसा डाग पडत नाही.

वेत सैल पडला तर लगेच बदलायचा नाही. खालच्या बाजूने ओलं फडकं फिरवून रात्रभर ठेवायचं, वाळताना तो ताणला जातो. खानदेशच्या कोरड्या उन्हाळ्यात वेत कडक होऊन तुटतो, म्हणून पूर्वी लोक उन्हाळ्यात खुर्च्यांना महिन्यातून एकदा असं पाणी दाखवत. आणि लहान भोकं दिसली की खाली कागद ठेवून ठोकायचं. ताजी पांढरी भुकटी पडली तर किडा जिवंत आहे. सागाच्या गाभ्याला तो सहसा लागत नाही, कडेच्या पांढऱ्या लाकडाला लागतो. ही शेवटची गोष्ट मी वहीत लिहूनही घेतली. तिसऱ्या दिवशी तिचं काय झालं ते पुढे येईलच.

ते स्वतःची खुर्ची देणार नव्हते, मीही मागितली नाही. पण एका प्रोफेसरसाठी सहा खुर्च्यांचा संच केला होता, त्यातल्या चार अजून गावात आहेत, असं त्यांना आठवलं. प्रोफेसर गेले, घर विकलं, आता तिथे शिकवणी चालते. आम्ही गेलो. चार खुर्च्या खरंच होत्या, बेंचांच्या मागे एकावर एक. वेत कधीच गेला होता. त्याच्या जागी हिरव्या प्लास्टिक वायरने विणलेली बैठक, सत्तर-ऐंशीच्या दशकात घरोघर झाली होती तशी. पायांना निळा ऑइलपेंट. एका पाठीवर करकटकाने 'आय लव्ह' एवढं कोरून पुढचं नाव खोडलेलं. शिकवणीच्या सरांनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"सहाशेला एक. आणि पोरांना बसायला चार खुर्च्या आणून द्या."

तर संध्याकाळी मी अमळनेरच्या बाजारात चार प्लास्टिकच्या खुर्च्या विकत घेत होते. दादा हसून हसून पिकअपच्या बॉनेटवर आडवा झाला. "आता फक्त बादली राहिली," म्हणाला.

तिसरा दिवस, शनिवार: भुसावळ, फैजपूर

धरणगाव, जळगाव करत दहाच्या सुमारास भुसावळ. रेल्वेचं भंगार आता ऑनलाइन लिलावाने जातं आणि ते घेणाऱ्यांची मोठी मोठी आवारं शहराबाहेर आहेत. मी दोन आवारं बघितली. तिथे जुन्याची ओळख पटवायला शिक्का उपयोगी पडतो. 'जी.आय.पी.' असं कोरलं असेल तर ते ५ नोव्हेंबर १९५१च्या आधीचं, कारण त्या दिवशी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची मध्य रेल्वे झाली. पुढच्या वस्तूंवर 'सी.आर.' मी तिथे एक बाक बघितलं, दोन माणसांना न हलणारं, हातभर जाड सागवान, जी.आय.पी. सुंदर होतं. पण ते साहेबांच्या काळातलं. मला हवा होता त्यानंतरचा, हलका झालेला काळ. लोक या दोन्हींना एकाच मापाने 'अँटिक' म्हणतात आणि भाव मात्र बाकाचा लावतात.

दुसऱ्या आवारात एक त्रिकोणी कोपरा-टेबल सापडलं. वर पिवळसर फॉर्मायका, त्यावर फुटक्या काचेसारखी नक्षी, तीन निमुळते पाय. बाराशे. उन्हात उभं राहून डोकं तापलेलं, दादा हॉर्न वाजवत होता, मी पैसे दिले. तापीचा पूल ओलांडून यावलकडे निघालो तेव्हा मागच्या काचेतून दिसलं, टेबलाखाली पसरलेल्या चादरीवर पिठासारखी भुकटी सांडली होती. थांबून टेबल ठोकलं. आणखी भुकटी. शिकवणीच्या खुर्च्यांपासून ते आधी लांब केलं आणि यावलच्या अलीकडे एका ढाब्यावर मागितलं त्याला देऊन टाकलं. त्याने ते सरळ चुलीपाशी नेलं. फॉर्मायका तेवढा काढून ठेव, असं सांगायचं माझ्या मनात होतं, पण कोणत्या तोंडाने सांगणार?

फैजपूरला दादाच्या सासरची ओळख. १९३६च्या डिसेंबरात काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन इथे भरलं, अध्यक्ष पंडित नेहरू. गांधीजींच्या आग्रहावरून सजावट शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांच्याकडे होती, आणि अट एकच, जवळपास मिळेल तेच वापरायचं, गावच्या हातांनी करायचं. बांबूची प्रवेशद्वारं त्या शर्तीवर उभी राहिली. आज तिथे बघायला ते काही शिल्लक नाही, पण मिस्तरींच्या सुतळीनंतर मला ती अट जास्त कळली.

घर केळीवाल्यांचं. नवा बंगला, आत सोनेरी कडांचा मखमली सोफा, त्यावर प्लास्टिकचं आवरण अजून तसंच. आधी जेवण. भरताची हिरवी वांगी काड्यांच्या जाळावर भाजलेली, बडगीत ठेचलेली, वर कच्चं तेल आणि कांद्याची पात, सोबत कळण्याची भाकरी. या भरताबद्दल मी दोन पानं लिहू शकते, पण विषय फर्निचरचा आहे. एवढंच सांगते की तिसऱ्या भाकरीनंतर वाकून कशाखाली बघायची माझी तयारी नव्हती.

जुनं सामान मागे, केळीच्या खोक्यांच्या खोलीत होतं. आजी स्वतः काठी टेकत आल्या. खोके बाजूला केले तसं ते दिसलं. बुटकं, लांब कपाट, साडेचार फूट, कमरेपेक्षा खाली. दोन सरकती दारं, त्यांना कडी नाही, नुसते बोट घालायचे गोल खळगे. डावीकडे तीन खण. खाली पाच बोटं उंचीवर पट्टी आणि तिथून चार पाय, बाहेर झुकलेले, टोकाला पितळेच्या टोप्या. चुंबक लावला. चिकटला नाही. आत वर्तमानपत्र अंथरलेलं होतं आणि त्यावर गव्हाची जुनी कीड मेलेली. दार सरकवलं तर पन्नास-साठ वर्षांनंतरही ते बोटाच्या एका धक्क्याने पलीकडे गेलं आणि टोकाला लाकडावर लाकूड आपटल्याचा मऊ आवाज झाला. मी ते चार वेळा सरकवलं. दादा म्हणाला, "बस्स आता, झिजेल."

आजींचे यजमान शाळेत मास्तर. आधी यावल, मग रावेर, चोपडा, पुन्हा यावल. "बदली झाली का पाय काढाचे," त्या म्हणाल्या. "चार पाय गोधडीत गुंडाळले, खोकं येगळं. पोरं कपाटात कपडे ठेवत, त्याहिले वाटे हे कपाट आपल्यासंगं फिरते म्हनून आपलंच घर हाय." पुस्तकं डाव्या बाजूला, दूधदुभतं उजव्या. सरकत्या दारामुळे मांजर घुसायचं नाही.

मी भाव विचारला. मुलगा म्हणाला, "काय द्यायचं ते द्या, जागा अडलीये." मला इथे गप्प बसता आलं असतं. पण मला फसवणाऱ्याने नेमकं हेच केलं होतं, दुसऱ्याच्या अज्ञानावर भाव ठरवला होता. मी सांगितलं की मुंबईत अशा कपाटाला पॉलिश करून वीस-पंचवीस हजार सहज मागतात. मी दहा देऊ शकते, कारण नेणं आणि दुरुस्ती माझी. मुलाचा चेहरा बदलला. तो लगेच म्हणाला, मग आपणच मुंबईला... आजींनी काठी जमिनीवर आपटली.

"कोन नेईन? तू? तुले केळी मोजता मोजता सात वाजते." मग मला, "आठ दे. पन पाय मोजून घे. चारच हायेत."

त्याच खोलीत एक खुर्चीही होती, मास्तरांची. मागणार होते. तेवढ्यात आजी दमल्या आणि त्या खुर्चीवर बसल्या. पाठीचा वेत त्यांच्या खांद्यांच्या जागी आतून खोलगट झाला होता आणि त्या बरोबर त्या खोलीत मावल्या. मी मागितली नाही.

पाय काढताना दादाने मोबाइलचा टॉर्च धरला. प्रत्येक पायाला वरून एक बोल्ट, खाली चौकोनी चाकी. पाय निघाल्यावर त्यांच्या डोक्यावर पटाशीच्या खुणा दिसल्या. एकावर एक रेघ, दुसऱ्यावर दोन, तीन, चार. कपाटाच्या तळाशी चारही कोपऱ्यांत तशाच. मी पाय गोधडीत गुंडाळले. गोधडी आजींनीच दिली, ती परत आणून द्यायची आहे.

मुक्काम जळगाव, आत्याकडे. त्यांनी फक्त एवढं विचारलं, "एवढं सामान तुझ्या फ्लॅटमध्ये मावेल का?"

चौथा दिवस, रविवार: चाळीसगाव आणि घर

पाचोऱ्यावरून चाळीसगाव. दादाला उशीर नको होता, पण मी छायाचित्रकार केकी मूस यांच्या घरी थांबायचा हट्ट धरला. स्टेशनाजवळ त्यांचा बंगला आहे, आता तिथे संग्रहालय आहे. १९१२ ते १९८९ असं आयुष्य, पारशी घराणं, आणि त्यातली जवळपास पन्नास वर्षं हा माणूस या घराबाहेर क्वचितच पडला. टेबलावर छोट्या छोट्या वस्तू मांडायच्या, उजेड हवा तसा पाडायचा आणि त्यांतून अख्खं दृश्य उभं करायचं, अशी त्यांची छायाचित्रं. मी फोटो कमी आणि खोल्या जास्त बघितल्या. तीन दिवस मी बदलीच्या लोकांचं सामान गोळा करत होते, उचलता येईल असं, पाय सुटतील असं. इथे प्रत्येक वस्तू आपली जागा न सोडण्यासाठीच ठेवल्यासारखी. दादा बाहेर येऊन म्हणाला, "याला पिकअप लागलीच नसती."

पुढे मालेगाव आणि महामार्ग. रस्त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, एका ठिकाणी दोरी सैल झाली आणि शिकवणीच्या खुर्चीचा निळा पाय खरचटला. खालून सागाचा मधासारखा रंग दिसला. मला तर बरंच वाटलं.

नाशिकला पोचलो तेव्हा आठ वाजले होते. चारही खुर्च्या लिफ्टने गेल्या. कपाट पाय काढूनही साडेचार फूट, लिफ्ट चार. मग पाय पिशवीत, मी पुढे, दादा मागे, वॉचमन मध्ये, असे पाच मजले. तिसऱ्या मजल्यावर एक काका दार उघडून म्हणाले, "नवीन घेतलं का?" वॉचमन म्हणाला, "नाही, लई जुनं आहे." काकांनी दार लावून घेतलं.

घरात पोचल्यावर पाय बसवायची घाई. दादाला रात्रीच परतायचं होतं. बोल्ट कसले, कपाट उभं केलं, त्यावर हात ठेवला. डुगडुगलं. दादा म्हणाला, जमिनीचा दोष असेल, कागदाची घडी घाल. नवऱ्याने जमिनीला दोष देण्याआधी माझ्याकडे बघितलं. पुन्हा आडवं केलं, टॉर्च लावला. दोन रेघांचा पाय तीन रेघांच्या कोपऱ्यात गेला होता आणि तीनचा दोनच्या.

ते दोन काढले, अदलाबदल केली, पुन्हा उभं केलं. हलेना.